पिसवलीला उकळणारी गाडी

मानपाडा,
रविवार, ३ मे १९५३

नाथामामा, नमस्कार.

आधी चूक दुरुस्त करते, मग खुशाली. मागच्या कार्डात मी लिहिले होते की आमची गाडी नऊ मैल नीट चालते आणि मग तापते. ते चुकीचे आहे. नऊ हा आकडा बाबांनी सांगितला आणि मी तो न तपासता लिहिला. काल मी मागच्या सीटवर बसून मैलाचे दगड मोजले. गाडी अडीच मैल चालते. कल्याणच्या रस्त्याला लागले की पिसवलीच्या वळणावर, ओळखीच्या तुळसामावशीच्या दाराशी, पुढच्या झाकणातून वाफ येते आणि पाणी खदखदते. तिथे गोड्या पाण्याची विहीर आहे, एवढे आमचे नशीब. अर्धा तास थांबायचे, पाणी भरायचे, मग गाडी कल्याणला पोचते. नऊ मैलांवरून तुम्ही काही निदान केले असेल तर ते रद्द समजावे.

हे मी का विचारते ते कार्डावर मावले नव्हते. कल्याणच्या मुलींच्या शाळेत मला नेमणूक मिळाली आहे. ८ जूनला हजर व्हायचे आहे. फायनलची परीक्षा पास झालेली आमच्या घरातली मी पहिलीच, म्हणून बाबांना आनंद आहे. पण त्यांची मुलगी शेतातून चालत स्टेशनवर जाणार नाही आणि एस.टी.तही बसणार नाही, असे ते म्हणतात. परवा ओट्यावर चार माणसांसमोर ते बोलले, "गारी कल्यानला जाऊन परत आली, वाटंन एकदा पन न थांबता, तं तू मास्तरीन. थांबली तं गुणाजी मिस्तरी तिला भंगारान नेल, न तू घरान बसशील." चाचणीचा दिवस शनिवार, ३० मे ठरला आहे. गुणाजी मिस्त्री म्हणतात इंजिन संपले. ते दर भेटीत असेच म्हणतात आणि जाताना गाडीचे टायर दाबून बघतात.

मी तुम्हाला लिहिते हे बाबांना माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तुम्ही सगळ्यांसमोर विचारलेत, "दाजी, ही मोटार आहे का दमा झालेली म्हैस?" तेव्हापासून ते तुमचे नाव घेत नाहीत. उत्तर याच पत्त्यावर पाठवा. घरात वाचता येणारी मी एकटीच आहे, त्यामुळे पत्र माझ्याकडेच येईल. बाबांनी विचारले तर मी खोटे सांगणार नाही. पण त्यांनी अजून विचारलेले नाही.

घरात एक पाना, एक हातोडी, एक पहार आणि बैलगाडीच्या आसाचे वंगण आहे. एवढ्यात काय होईल?

आपली,
वासंती

नाशिक,
७ मे ५३

वासंते,

मी पलटणीत सहा वर्षं मोटारी दुरुस्त केल्या आणि आता एस.टी.च्या लॉऱ्यांखाली निजतो. मला काय कळत नाही होय? मैलाचे दगड, झाकण, वाफ, हे एकोणीस वर्षांच्या पोरीचे प्रश्न नव्हेत. दाजी शेजारी बसून सांगतायत आणि तू लिहितेयस. ठीक आहे. दाजी, रामराम! म्हशीला दमा आहे असं मी म्हणालो ते परत घेतो. दमा नाही. ताप आहे.

आता ऐका. इंजिन गार असताना बॉनेट उघडा. पुढे पंखा आहे, त्याच्यावरून एक पट्टा फिरतो. पट्ट्याच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर तो ढिला आहे. ढिला पट्टा पंखा फिरवत नाही, पंखा नाही तर वारा नाही, वारा नाही तर पाणी उकळणारच. पट्ट्याला डायनामो जोडलेला आहे. त्याचा वरचा नट सैल करा, पहारीनं डायनामो बाहेर रेटा, तसाच धरून नट आवळा.

दुसरं, पाण्याच्या टाकीतून इंजिनात जाणारी रबरी नळी. ती पापडासारखी तडकली असेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून वर सुतळी बांधा. तात्पुरतं चालतं.

तिसरं, गाडी हँडल मारून मारून सुरू होत असेल तर प्लग काढा. काळे झाले असतील, पॉलिश कागदानं घासा. सोबत कोरं कार्ड पाठवतो. ते एकदा दुमडायचं. प्लगच्या दोन टोकांमधून दुमडलेलं कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे.

दाजी, एक विनंती. यातलं काही स्वतः करू नका, पोरीला करू द्या. तुमचा हात लागला की नट जन्मभर नुसता फिरतो.

तुमचा,
नाथा

मानपाडा,
सोमवार, ११ मे १९५३

नाथामामा, नमस्कार.

बाबा शेजारी बसलेले नाहीत आणि नव्हते. ते दुपारी दीड ते तीन ओट्यावर झोपतात. तेवढ्या वेळात मी गाडीपाशी जाते. त्यांच्यासाठी लिहिलेला मजकूर मी त्यांना वाचून दाखवलेला नाही. दाखवावा असे वाटत असेल तर कळवा.

केलेल्या कामाची हकीकत. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा दीड इंच गेला. माझा अंगठा लहान आहे म्हणून मी फूटपट्टी लावून परत मोजले, तरी दीडच. पहारीने डायनामो रेटताना पहार निसटली आणि बॉनेटला एक पोचा आला. तो पूर्वी नव्हता. बाबांनी विचारले तर सांगेन. आता पट्टा बरोबर अर्धा इंच दबतो. नळीला दोन भेगा होत्या, त्या बांधल्या. प्लग चारही काळे होते. तुमचे कार्ड आता वंगणाने भरले आहे, पण उपयोगी पडले.

चार वाजता बाबांनी हँडल मारले आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. रोज बारा-पंधरा झटके लागतात. बाबा म्हणाले, "बघलास? काल मी तिला दम भरला व्हता." मी गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे का, याचा मी अजून विचार करते आहे.

मग आम्ही कल्याणला निघालो. निघण्यापूर्वी बायजाआत्याने नेहमीप्रमाणे गाडीची दृष्ट काढली. आई गेल्यापासून ती घराचे सगळे बघते, आणि गाडीचेही. मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन ती गाडीभोवती फिरते. बाबा हात जोडून, डोळे मिटून उभे राहतात आणि आत्याने "झालं" म्हटल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. मीही मिटते. हे गाडी दुरुस्तीशी संबंधित नाही, पण काही सुटायला नको म्हणून लिहिले.

गाडी छान चालली. पंख्याचा आवाज बदललेला मला ऐकू येत होता. आणि पिसवलीला, तुळसामावशीच्या दाराशी, उकळली. त्याच जागी. बाबांनी स्टीअरिंगवर हात आपटला. मी पाणी आणायला गेले. आत्या तेवढी तुळसामावशीकडे जाऊन बसली, म्हणून तिला उन्हाचा त्रास झाला नाही.

माझे काय चुकले?

वासंती

नाशिक,
१४ मे ५३

वासंते,

पोरी, मी हरलो. प्रश्न तुझेच आहेत हे कबूल. दाजींनी कधी फूटपट्टी लावली नसती. पोच्याबद्दल काळजी करू नकोस, त्या गाडीला एक पोचा जास्त झाला म्हणून कुणाच्या लक्षात येणार?

पण मला झोप लागेना. पट्टा ताठ झाला, नळी बांधली, आणि गाडी तरीही त्याच दारात उकळली? फर्लांगभर पुढे नाही, मागे नाही? हे यंत्राचं वागणं नव्हे. यंत्र बिघडलं तर वाटेल तिथे बसतं. दार ओळखून थांबतो तो टांग्याचा घोडा. तुम्ही त्या तुळसाबाईच्या दारात तिला चारा घालता काय?

आता पोट साफ करायचं. पाण्याच्या टाकीच्या तळाशी एक छोटी तोटी आहे. गाडी गार असताना खाली घमेलं ठेव, घमेल्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांध आणि तोटी उघड. पाणी गाळून येईल. मग खालची रबरी नळी सोडव आणि खालून वर पाणी घाल, उलटं, म्हणजे आत अडकलेलं ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत जाईल. धुण्याचा सोडा घातलेलं कढत पाणी दोनदा, मग साधं पाणी चारदा. स्वच्छ येईपर्यंत सोडू नकोस. जे काही फडक्यात पडेल ते फेकू नकोस, मला लिही.

नाथामामा

मानपाडा,
सोमवार, १८ मे १९५३

नाथामामा, नमस्कार.

फडक्यात पडलेले पुढीलप्रमाणे: तांबडा गाळ, बराच. एक नाकतोडा, मेलेला. आणि मोहऱ्या.

मोहऱ्या मी शंभरापर्यंत मोजल्या आणि मग वाटीने मापल्या. आमटीची एक वाटी, सपाट भरून. फुगलेल्या होत्या, काहींची साले सुटली होती. घमेल्यातल्या पाण्याला बोट लावून मी चव घेतली. खारट होते. लगेच चूळ भरली.

उलटे पाणी सातदा घातले, कारण सहाव्यांदाही एक मोहरी आली. आता स्वच्छ आहे.

मामा, मोहऱ्या टाकीत आपोआप जात नाहीत. दृष्ट काढलेल्या मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आत्या गाडीची दृष्ट काढून मूठ कुठे रिकामी करते हे मी कधी पाहिले नाही, कारण माझे डोळे मिटलेले असतात. बाबांचेही. पण गाडीच्या पुढच्या झाकणातून वाफ येते, म्हणजे आग तिच्या पोटातच आहे, म्हणजे दृष्ट तिथेच जळायला हवी, असे आत्याला वाटले असणार. तिच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक दिसत नाही.

मी आत्याला अजून विचारलेले नाही. विचारले तर ती खरे सांगेल आणि मग ते मला माहीत होईल. सध्या मला फक्त मोहऱ्या माहीत आहेत. बाबांना कळले तर ते चार माणसांसमोर तिला बोलतील. ते तिला कधी बोलत नाहीत, तिनेच त्यांना वाढवले आहे. पण गाडीवरून ते कुणालाही बोलतात. आणि विचारले नाही तर शनिवारी ३० तारखेला ती परत मूठ टाकेल, आणि माझी शाळा पिसवलीच्या पुढे जाणार नाही.

काय करू?

वासंती

नाशिक,
२१ मे ५३

वासंते,

तुझं पत्र मी डेपोत मोठ्यानं वाचलं. दोन मेस्त्री जमिनीवर बसले. एक अजून उठलेला नाही.

बायजाताईंना सरळ विचारायचं नसेल तर एक युक्ती सांगतो. त्यांना सांग की नाथानं कळवलंय, मोटारीचं तोंड पुढे नसून मागे असतं, धूर येतो ती नळी म्हणजे खरी चूल. मूठ तिथे रिकामी करा. गाडी सुरू झाली की सगळं फुर्रकन उडून जाईल.

हे खोटं आहे हे मला माहीत आहे. तू सांगणार नाहीस हेही माहीत आहे. मग असं कर, त्यांनाच मला पत्र घालायला सांग. त्या बोलतील, तू लिही. तू विचारलंस असं होणार नाही, मी विचारलं असं होईल. बायजाताई, दृष्ट काढून झाल्यावर मीठ-मोहऱ्या तुम्ही कुठे टाकता?

नाथा

मानपाडा,
रविवार, २४ मे १९५३

नाथा, मी बायजा बोलतंय. वासंती लिवते. तिला सांगलंय का मी बोलन ता सगलं लिव, आपल्या शालेतलं काय घालू नको.

तू इचारलंस म्हनून सांगतंय. मना येडी समजू नको. दिष्ट चुलीन टाकतान ता मना ठावं हाय. पन्नास वरसं टाकलीय. गारीच्या तोंडान टाकली ती जानून टाकली.

माझ्या भावानं, कालूनं गारी घेतली न माजं चालनं बंद झालं. बोलतं, शेटची भन रस्त्यानं चालत जाते, लोक काय बोलतीन? अरे, शेट कंचा? काल-परवा मिठागरान गुडघाभर पान्यान उबा व्हता. तुलसा न मी तीस वरसं एका आगरान मीठ ओढलं. एका भाकरीचं दोन तुकडं केलं. तिचं घर अडीच मैलांवर, न दोन वरसं मी तिचं तोंड नाय बघलं. कालूला बोललू, गारी थांबव रे तिच्या दारान. बोलला, आगरातल्या घरापुरं मोटार उबी करू? बरं नाय दिसं.

मंग येकदा गारी आपसूक तापली. कुठं, तं तुलसाच्या दारान. मी उतरलू, चाय पिली, तिच्या सुनंला बघलं, नातवाला मांडीवर घेतलं. कालू भाईर वाफंशी भांडत व्हता. मंग मी इचार केला, देवानं येकदा दिलं, आता आपुन हात लावाचा.

पयल्यांदा दोन मुठी टाकल्या तं गारी गावाच्या येशीवरच फुसफुसली. येक टाकली तं पार कल्यानच्या टेकडीपरयंत गेली. दीड मुठीन बरोबर पिसवली. मीठ मोजाला मना माप लागत नाय. मंग मधी ही पोर पट्टा का काय ता घट करून आली. मना ठावं नव्हतं कोनी केला, पन गारी येका झटक्यान सुरू झाली तवा वलखलं, न तवाच मूठ वाढवली.

पन नाथा, शालेच्या अटीचं मना ठावं नव्हतं. कालू ता ओट्यावर बोलला, मी मागच्या दारान भांरी घासत व्हतू. मना कोनी सांगलंच नाय. या पोरीनंपन नाय. मी माझ्या पोरीच्या वाटंन मीठ टाकत व्हतू.

आता नाय टाकनार. पन कालूला सांगू नको. न तुलसाकरं कशी जावाची ता तू सांग. तू पलटनीन व्हतास, तुला आरवाटा ठावं असतीन.

(वरील मजकूर आत्याने सांगितल्याप्रमाणे आहे. "या पोरीनंपन नाय" हे खरे आहे. मला वाटले होते तिला बाबांनी सांगितले असेल. मी तपासले नाही. शेवटचा भाग सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. त्याआधी मी दोनदा हसले. ते लिहू नको म्हणाली, पण सगळे लिही असे आधी तिनेच सांगितले होते. — वासंती)

नाशिक,
२७ मे ५३

बायजाताईंना नाथाचा दंडवत. वासंते, हे त्यांना वाचून दाखव.

ताई, मी ब्रह्मदेशाच्या रस्त्यावर मोटारी चालवल्या. शत्रूनं पूल उडवले, खिळे पसरले, तेलात पाणी घातलं. पण ठरलेल्या दारात, ठरलेल्या मिनिटाला मोटार बंद पाडणारा माणूस मला तिकडे भेटला नाही. तुम्ही आमच्या बाजूला असतात तर लढाई एक वर्ष आधी संपली असती.

तुळसाबाईंचं बघू. आधी पोरीचं. शनिवारी दृष्ट काढा, काढल्याशिवाय दाजी निघणार नाहीत, पण मूठ चुलीत.

वासंते, आता तुला. टाकी धुतल्यावर गाडी नीट चालते का हे बघितल्याशिवाय चाचणीला पाठवायची नसते. दाजी झोपले की अंगणात इंजिन वीस मिनिटं चालू ठेव. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, वेढा घालू नकोस, नाहीतर उलट झटक्यात मोडेल. मग आत बस. डाव्या पायानं क्लच पूर्ण दाब, पहिला गिअर टाक, आणि पाय सोडताना, चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवतेस तसा सोड. दोन हात पुढे, दोन हात मागे. खाली कुठे पाणी ठिबकतं का बघ.

दाजींना आवाजानं जाग आली तर?

नाथा

मानपाडा,
रविवार, ३१ मे १९५३

नाथामामा, नमस्कार.

बाबांना आवाजाने जाग आली नाही. आत्या त्यांच्या उशाशी जाते घेऊन बसली आणि दीड तास दळत राहिली. दळायला काही नव्हते, म्हणून तिने दळलेलेच पीठ परत दळले. मी दोन दुपारी अंगणात गाडी चालवली. दोन हात असे तुम्ही लिहिले होते. पहिल्या दिवशी तेवढेच. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यापासून वडापर्यंत अकरा वेळा गेले आणि अकरा वेळा मागे आले. एक कोंबडी घाबरली, पण तिला लागले नाही. मी उतरून पाहिले.

आता कालची चाचणी. सकाळी आठला निघालो. आत्याने दृष्ट काढली. मी या वेळी डोळे उघडे ठेवले. तिने मूठ तशीच मिटून घरात नेली आणि चुलीत टाकली. मोहऱ्यांचा तडतडाट अंगणापर्यंत ऐकू आला. पिसवलीच्या वळणावर बाबांनी श्वास धरला, मीही धरला. तुळसामावशी सवयीने दारात येऊन उभी होती. गाडी तिच्यासमोरून निघून गेली. आत्या काचेतून मागे बघत राहिली. आठ वाजून बत्तीस मिनिटांनी कल्याण. सव्वानऊला परत. वाटेत एकदाही थांबलो नाही. गुणाजी मिस्त्री अंगणात वाट बघत होते. त्यांनी सवयीने टायर दाबले आणि चहा न घेता गेले.

पण मामा, काम झाले नाही. संध्याकाळी बाबा चहाच्या दुकानावर गेले. तिथे कुणीतरी म्हणाले, "काय कालुरामशेट, आता मास्तरीनबायचे डायवर का?" सगळे हसले. बाबा घरी आले आणि म्हणाले, "शाला बिला काय नाय."

मी म्हणाले, "बाबा, अट गाडी चालण्याची होती. गाडी चालली."

"चालली. पन रोज सकाली ती चालवनार कोन? मी? ता सांग न जा खुशाल शालेन." एवढे बोलून ते जेवायला बसले. त्यांना वाटले, याला उत्तर नाही.

मी रात्रभर विचार केला. त्यांनी प्रश्न विचारला आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे असे मी ठरवलेले आहे. म्हणून आज सकाळी मी त्यांना सगळे सांगितले. तुम्हाला पत्रे लिहिली ते. पट्टा, नळी, प्लग, टाकी. बॉनेटचा पोचा. अंगणातल्या बावीस फेऱ्या. मोहऱ्यांचे सांगितले नाही, कारण ते माझे नव्हते. फक्त टाकीत कचरा होता असे म्हणाले.

तेव्हा आत्या आतून म्हणाली, "कचरा नाय. मीठ-मोहऱ्या. मी टाकत व्हतू, तुलसाकरं उतराला." आणि ओल्या हातांनीच बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. "बोल आता, काय बोलाचं ता."

मला वाटले आता बाबा ओरडतील. मग त्यांनी विचारले, "म्हंजे मी दम भरला म्हनून नाय सुरू झाली?"

"नाय," आत्या म्हणाली.

"नाथाला सगलं ठावं हाय?"

"त्याच्या डेपोलासुद्धा," मी म्हणाले, कारण ते खरे आहे.

बाबा उठले, गाडीपाशी गेले, बॉनेटवरचा पोचा त्यांनी बोटाने चाचपला. परत आले ते आत्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, येवरं व्हतं तं बोलाचं व्हतं."

"बोललू व्हतू. तू म्हनालास बरं नाय दिसं."

मग मी त्यांच्या कालच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणाले, "बाबा, गाडी मी चालवणार." आत्या लगेच म्हणाली, "न मागं मी बसनार. पोर एकटी नाय जावाची. मना पिसवलीला उतरवायचं, न शाला सुटली का परत घ्याचं." हे आमचे आधी ठरलेले नव्हते. मी तिच्याकडे पाहिले तर ती नेटाने पदराला हात पुसत होती.

बाबा म्हणाले, "बायमानसाला मोटार चालवताना मी जल्मान बघलेलं नाय." ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "नाथा काय बोलतं ता बघू." तुमचे नाव त्यांनी दोन वर्षांनी घेतले, म्हणून वेगळे लिहिते.

आता माझी विनंती. परवान्याशिवाय मी रस्त्यावर गाडी नेणार नाही, फर्लांगभरसुद्धा नाही. चौकशी केली. शिकाऊ परवाना ठाण्याला मिळतो आणि शिकणाऱ्याच्या शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसावा लागतो. बाबांकडे परवाना आहे. पण पहिल्याच दिवशी त्यांना चहाच्या दुकानासमोरून डावीकडे बसून जायला लावणे मला बरे वाटत नाही. तुमची रजा शिल्लक असेल तर पंधरा दिवस या. गुरुवारी, ४ जूनला सकाळी दहा वाजता ठाण्याच्या कचेरीपाशी मी आत्याला घेऊन येईन. शाळा सोडल्याचा दाखला सोबत आणते, त्यावर जन्मतारीख आहे. शिकाऊ गाडीला लावायची तांबड्या अक्षराची पाटी मी केली आहे. अक्षर थोडे तिरके आले, ते पुसून परत काढते.

तुम्ही आलात तर बाबांसमोर म्हशीचा विषय काढू नका. त्यांनी तेवढे सांगायला सांगितले आहे.

ठाण्याला परवाना नाकारला तर त्याचे कारण लेखी मागेन आणि आत्याबरोबर चालत शाळेत जाईन. मिळाला तर सोमवार, ८ जून १९५३ रोजी सकाळी सव्वासहा वाजता मी गाडीच्या उजव्या दाराने आत बसणार आहे.

आपली,
वासंती